तीळमुक्त संक्रांत

१० जानेवारी
वल्लरी संक्रांतीला निलयला जेवायला आणतेय. होणारा जावई! फक्त त्याला तिळाची कडक ॲलर्जी. मागच्या वर्षी चिक्कीच्या एका तुकड्याने ॲडमिट झाला होता. बायको अमिता म्हणाली, साधा वरणभात करू. मी हसलो. आयुष्यभर इन्शुरन्समध्ये दुसऱ्यांच्या रिस्क सांभाळल्या. स्वयंपाक मीच करणार.

११ जानेवारी, सकाळी
घर तीळमुक्त जाहीर केलं. लाडवांचा डबा बाहेर काढला.

दुपारी
टाकवेनात. खाल्ले.

१२ जानेवारी
सराव म्हणून आमटी केली. झकास! अमिताने विचारलं, गोड्या मसाल्यात काय असतं? मसाला, म्हटलं. तीळ असतात म्हणे. डबा शेजारच्या माथुरजींना दिला. आता म्हणते, मिक्सर, पोळपाट, सगळं साबणाने घास. मी फडक्याने पुसलंय. लाडवांचं ताटही त्याच फडक्याने पुसलं होतं, हे तिने उगाच उकरून काढलं. घासलं.

१३ जानेवारी
झोटवाड्याहून घाण्यावरचं शेंगदाणा तेल आणलं. डोळ्यांदेखत काढलेलं! अमिता म्हणे सीलबंद आणायचं, लेबल वाचून. लेबलं संशयी माणसं वाचतात.

१४ जानेवारी, सकाळी
भरली वांगी, मसालेभात, तिळाशिवाय गुळाची पोळी. गच्चीवर पतंग कापणाऱ्यांचा ‘वो काटा!’चा गजर. तो माझ्यासाठीच आहे असं वाटतंय.

संध्याकाळी
निलय आला. गोड मुलगा. पाया पडला आणि विचारलं, "काका, तेल कुठलं?" मी घाण्याची गोष्ट रंगवून सांगितली. "मतलब, त्याच घाण्यावर तीळपण काढतात का?" छे! म्हटलं, आणि खात्रीसाठी स्पीकरवर फोन लावला. घाणेवाला भैया म्हणाला, "तिल का भी चाहिए? कल आपका निकालने से पहले वही निकाला था।"

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी. निलयच मला सॉरी म्हणाला. अमिताने कोरं पातेलं काढलं, ते त्याने स्वतः धुतलं. भात, सीलबंद दही, केळी. तिघं हसत जेवली. वांगी कुणीतरी खायला हवी होती म्हणून मी खाल्ली. तर वल्लरीने मला ताटासकट बाल्कनीत बसवलं, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय आत घेतलं नाही.

१७ जानेवारी
लग्न ठरलं! रविवारी निलयच्या आईने, रत्नप्रभाताईंनी, जेवायला बोलावलंय. मी म्हटलं, एक पदार्थ माझ्याकडून. निलय म्हणाला, नको काका. वल्लरी म्हणाली, बाबा, नको. अमिताने गॅसचं बटण बंद केलं.

बरीच चर्चा होऊन मला फुलं न्यायची परवानगी मिळाली. निवडणार वल्लरी.