जिन्यावरच्या माणसाचा अभ्यास

१५ जानेवारी २००६, रविवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. नियम एकच: खोटे लिहायचे नाही. वाचणारे कोणी नाही, त्यामुळे खोटे लिहून फायदाही नाही.

बायको जया मुकुटबनच्या आरोग्य केंद्रात रुजू होऊन सात महिने झाले. मुलगी रुपाली तिच्याबरोबर, पाचवीत. मी बाभुळगावला, कॉलेजात मराठी शिकवतो. दर रविवारी मी जायचे असे ठरले आहे. आज जात नाही. सबळ कारण आहे.

सायंकाळी ५
कारण: पुतण्या धम्मदीपने नागपूरहून दोन सीडी पाठवल्या. युरोपातला जुना सिनेमा. एक श्रीमंत माणूस रोज मित्रांना जेवायला बोलावतो आणि खर्चासाठी रोज घरातली एक खोली विकतो. पहिल्या सीडीत नुसत्या मेजवान्या. दुसऱ्या सीडीत खोल्या संपतात, मित्र संपतात, जिना तेवढा उरतो. तो जिन्यावर बसून एकटाच खात राहतो. आधी हसू येते, मग हसल्याची लाज वाटते.

उपाशीपोटी पाहिला. विषयाचा मान राखला.

संकल्प: हा सिनेमा वस्तीतल्या बुद्धविहारात दाखवायचा. आधी माझे भाषण, ‘भोग आणि मध्यम मार्ग’. भाषणापुरता आणखी एकदाच पाहायचा.

१८ जानेवारी
आणखी एकदा पाहिला. टिपणे राहिली.

१९ जानेवारी
टिपणांसाठी पाहिला. शेव जवळ ठेवली होती. समोरचा माणूस इतके खात असताना आपण कोरडे बसणे म्हणजे त्याला कमी लेखणे. शेव एक वाटी. खरे तर दोन.

२२ जानेवारी, रविवार
मुकुटबन नाही. जयाचा फोन. आमच्याच संस्थेच्या मुकुटबनच्या कॉलेजात मराठीची जागा रिकामी झाली आहे. अर्ज १० फेब्रुवारीपर्यंत यवतमाळच्या ऑफिसात पोचायला हवा. म्हणाली, “तुमच्यासाठी पुढची खोली मोकळीच ठेवली आहे. टेबलबी लावून ठेवलं. आता निस्ता अर्ज टाका.” मी सिनेमाबद्दल सांगितले. म्हणाली, “मुकुटबनलेबी टीव्ही हाये.”

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. भाषण झाल्यावर करीन.

२५ जानेवारी
स्वतःला विचारले: तू एकटा पडला आहेस म्हणून सिनेमा पाहतोस, की सिनेमा पाहतोस म्हणून एकटा? तासभर विचार केला. प्रश्नाची रचना फार चांगली आहे. भाषणात वापरीन.

स्वयंपाकघर सध्या बंद ठेवले आहे. डबा मागवतो. पलंग टीव्हीच्या खोलीत आणला. उरलेल्या खोल्या झाडायला नकोत. सुटसुटीत झाले.

२९ जानेवारी, रविवार
विहार समितीचे अध्यक्ष बळीराम यांच्याकडे गेलो. सरकीच्या पोत्यावर बसले होते. घरचा कापूस पाच दिवसांपासून खरेदी केंद्राच्या रांगेत, मुलगा गाडीखाली झोपतो. मी विषय समजावून सांगितला. माणसाने चैन आवरावी वगैरे. शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “सर, चैन करू नका हे सांगायले तुमाले आमचंच गाव सापडलं काय?”

मी म्हणालो, भोग ही मनाची अवस्था आहे. ते म्हणाले, “असंल. आमच्या मनालेबी रांगेतून सुट्टी नाही.” पण हॉल दिला. रविवार, १२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा. वंदनेला सगळी वस्ती येते. गर्दी आयती मिळेल. असा विचार माझ्याशिवाय कोणाला सुचला नसता.

मुकुटबनची बस चुकली. म्हणजे गेली तेव्हा मी घरी होतो.

३ फेब्रुवारी
कॉलेजात फुलसिंग राठोड भेटला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, विषय तोच. म्हणाला, “सर, मुकुटबनच्या जागेचं तुम्ही भरून राह्यले ना? तुम्ही भरत असाल तर मी मधात येत नाही.” माणूस सरळ. मी म्हणालो, दोघांनीही भरावा, स्पर्धा निकोप असते. त्याने अर्ज दाखवला. ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका. सबंध तास बसून दुरुस्त केला. शेवटचा परिच्छेद मीच लिहिला. वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

माणुसकी म्हणून जयाचा फोन नंबरही दिला. कदाचित खोली बघायला लागेल, ती गावात ओळखीची.

६ फेब्रुवारी
सिनेमा आठव्यांदा. फक्त दुसरी सीडी. जिन्याचा प्रसंग मागे घेऊन तीनदा. खारे दाणे, संत्री. दुसरी सीडी एके ठिकाणी अडखळते. रुमालाने पुसली की चालते.

८ फेब्रुवारी
माझा अर्ज लिहिला. ‘कौटुंबिक कारणास्तव’ या शब्दांवर अडलो. बायको-मुलीला कारण म्हणून पुढे करायचे आणि जागा मिळवायची, हे नीतीला धरून आहे का? कुटुंबाचा असा उपयोग करून घेणे मनाला पटेना. खोडले. मग अर्जात कारणच उरले नाही.

उद्या नव्याने लिहीन.

९ फेब्रुवारी
भाषणाचे शेवटचे वाक्य जमले: ‘आपण कोणती खोली विकतो आहोत, हे ज्याने त्याने पाहावे.’ उठून आरशापुढे दोनदा म्हटले. फार परिणाम होतो.

अर्ज राहिला.

१० फेब्रुवारी
साडेपाचला यवतमाळची बस पकडली. ऑफिस बंद झाले होते. अर्ज परत आणला. सुवाच्य अक्षरात आहे, वाया जाणार नाही.

११ फेब्रुवारी
फुलसिंग पेढे घेऊन आला. ऑर्डर मिळाली, सोमवारी रुजू. एकच अर्ज आला होता म्हणून मुलाखतसुद्धा झाली नाही. म्हणाला, “सर, साहेबांनी भाषेची लई तारीफ केली.” अभिमान वाटला. माझ्या भाषेला न्याय मिळाला. पेढे चार खाल्ले.

जयाला फोन करायचा होता. दुसरी सीडी आणखी एकदा तपासायची होती. आधी तपासली.

१२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
विहारातच बसून सविस्तर लिहितो.

वंदना झाली. हॉल भरलेला. भाषण अठ्ठावीस मिनिटे. बाहेर मोठ्या पातेल्यात खीर उकळत होती, वास आत येत होता. याचा विचार मी केला नव्हता. पौर्णिमेला वंदनेनंतर खीर असते, हे मला चव्वेचाळीस वर्षांपासून माहीत आहे.

पहिली सीडी छान चालली. लोक मेजवान्या पाहून खूश. कोणीतरी ओरडले, “अबे, त्याले अजून वाढा!” दुसरी सीडी घातली. अडकली. रुमाल. अडकली. बळीराम म्हणाले, “सर, हे पार घासून गेली. कितीदा पाह्यली?” नियमाप्रमाणे खरे सांगितले: अकरा. त्यांनी रुमाल घडी करून माझ्या हातात दिला. मला टोमणा चालला असता.

म्हणजे वस्तीने नुसती चैन पाहिली, परिणाम पाहिला नाही. सिनेमा चांगला होता असे सगळ्यांचे मत पडले. भूक लागली म्हणून सगळे खिरीकडे गेले.

शकुबाई तेवढ्या मागे थांबल्या. त्या विहारात खीर वाढतात. शेवट काय म्हणून विचारले. मी जिन्याचे सांगितले. म्हणाल्या, “काहून जी, त्याले घरून हाक माराले कोनी नाही का?”

सिनेमाचा मुद्दा हा नाही, असे मी सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी डबा हातात दिला. “जयाबाई अन् रुपालीचीबी खीर हाये. पौर्णिमेले आल्याच असतीन ना घरी?”

हो म्हणालो. नियम मोडला.

सायंकाळी ५
घरी येताना फोन आला. रुपाली होती. “बाबा, आई म्हणते, फुलसिंग सरांना खोली पाहिजे तर आपली पुढची देऊन टाकते. तुमचं टेबलबी त्यांना चालते म्हणे.” मी विचारले, आई कुठे आहे? “इथंच हाये. बोलत नाही.” मग म्हणाली, “बाबा, ठेवू?”

ठेव म्हणालो.

घरात गेलो नाही. पायरीवर बसून हे लिहितो आहे. खीर तिघांची होती. माझी संपली. रुपालीची संपली. जयाची थोडी ठेवली होती. आत्ता तीही संपवली.