बाबा घरी आहेत, काळजी नसावी

३ मार्च, मंगळवार
काल दुपारी बाबा दाढीचं सामान आणायला निघाले आणि थेट आमच्या जुन्या घरी पोचले. ते घर विकून जमाना झाला. बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईंनाच विचारलं, तुम्ही कोण, माझ्या घरात काय करताय. बाई सज्जन. बसवलं, पाणी दिलं, मला फोन केला.
ताईचा गावाहून फोन. दुपारी घरी माणूस ठेव, नाहीतर मी बाबांना घेऊन जाते. बाबा म्हणाले, मी काय पार्सल आहे? बायकोने दुपारसाठी एक मावशी बघून ठेवल्यात. मला पटत नाही. परकं माणूस घरात म्हणजे आणखी एक धास्ती.
मी ॲप बनवणार. बाबा बाहेर पडले की मला कामावर, चष्म्याच्या दुकानात कळेल. प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, पण एआय असताना तो लागत नाही म्हणे. बायकोने फक्त बघितलं. मी ड्रिल मशीन हातात घेतो तेव्हा बघते तसं.

५ मार्च, गुरुवार
ॲप तयार. चहा गार व्हायच्या आत. हिरवा ठिपका म्हणजे बाबा घरात, लाल म्हणजे बाहेर. हिरव्याखाली ओळ येते: ‘बाबा घरी आहेत. काळजी नसावी.’ ही ओळ माझी. बाकी सगळं एआयचं, पण कल्पना माझी असल्याने ॲप मी बनवलं असं म्हणायला हरकत नाही.
बाबांच्या फोनमध्येही टाकलं. त्यांनी विचारलं, हे कशाला. म्हटलं, तब्येतीसाठी. म्हणाले, कुणाच्या?
संकल्प: फोन रोज चार्जिंगला लावायला बाबांना आठवण करणे.

६ मार्च, शुक्रवार
दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो. फोन कोकलला. लाल. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम तशीच ठेवून धावत सुटलो.
बाबा गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. ॲपच्या मते गॅलरी घराबाहेर. मला बघून म्हणाले, आलास? पाणी पी.
एआयला कळवलं. त्याने इतक्या नम्रपणे माफी मागितली की मलाच संकोच वाटला. परत आलो तर गिऱ्हाईक फ्रेम घालून तसंच बसलेलं, दुकानाच्या मालकांना अक्षरं वाचून दाखवत होतं.

९ मार्च, सोमवार
शनिवारी लाल: बाबा कचरा टाकायला जिन्यापर्यंत. आज सकाळी लाल: नेटवर्क गेलं. दुपारी परत लाल: कारण कळलं नाही. प्रत्येक वेळी धावलो. रस्त्यातले दुकानदार आता मला वाट करून देतात. बाबा म्हणतात, आलास? पाणी पी. मालक म्हणाले, चष्मे विकायचे की शर्यती लावायच्या, एकदा ठरव.
संध्याकाळी एआयला ठणकावलं: उगाच घाबरवू नकोस. नक्की माहीत असल्याशिवाय लाल दाखवायचं नाही. त्यावर त्याने लांबलचक काहीतरी विचारलं. फोन बंदच असेल तर मग काय दाखवायचं, त्यात धोका आहे, वगैरे. पहिली ओळ वाचली. लिहिलं, हो, चालेल.

१२ मार्च, गुरुवार
तीन दिवस हिरवं. सलग. भूक लागते, झोप लागते. दुकानातून एकदाही उठलो नाही.
ताईला सांगितलं, प्रश्न मिटला. तिने विचारलं, तपासून बघितलंस का? म्हटलं, दिवसभर बघतच असतो. मावशींना नको म्हणून कळवलं. बायकोने त्यांचा नंबर मात्र जपून ठेवला.
आठवण करणे: चार्जिंग. (राहून जातंय.)

१६ मार्च, सोमवार, दुपारी, टॅक्सीत
बायको लवकर घरी आली, तिथून मला दुकानात फोन केला. बाबा नाहीत. म्हटलं, बाथरूम बघ, हिरवं आहे. ती म्हणाली, मी घरात उभी आहे, सगळं बघितलं. मी परत म्हटलं, पण हिरवं आहे. ती म्हणाली, "मग त्या ठिपक्याला चहा विचारू का?"
बाबांचा फोन सापडला. फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात तळाशी. बंद.
एआयला विचारलं, बाबा कुठे आहेत. उत्तर: त्यांच्या फोनकडून नऊ तारखेच्या रात्रीपासून काहीही कळलेलं नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तेव्हापासून हिरवं दाखवत आहे.
आठवडाभर.

नंतर, जुन्या घरासमोर
इथे आले नाहीत. बाईंनी मलाच पाणी दिलं. इथेच असतील याची इतकी खात्री होती, की पुढे काही ठरवलंच नव्हतं. पांढऱ्या शर्टातला प्रत्येक म्हातारा बाबा वाटतो. जवळ गेलो की नसतो. बायको घरून हॉस्पिटलला फोन करतेय. तिथे नसू देत. बॅटरी संपत आली. अजून हिरवं आहे.

१७ मार्च, मंगळवार
काल पुढचं लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.
फोन बंद पडला. दुकानातला फोन तरी वापरू म्हणून तिकडे गेलो. तपासणीच्या खुर्चीत बाबा बसले होते. नाकावर जड फ्रेम. मालक अक्षरं विचारत होते. म्हणाले, तासभर तुला फोन लावतोय, आधी सारखा बिझी, मग बंद.
मी खाली बसलो. बाबांनी फ्रेम काढली.
"आलास? रोज दुकानातून मधेच धापा टाकत घरी यायचास. हा आठवडाभर फिरकला नाहीस. म्हटलं, पोराला काय झालं, बघून यावं."
वाट कशी सापडली? म्हणाले, लोकांना विचारलं, घाबरून पळत सुटतो तो माणूस कुठे काम करतो. सगळ्यांनी बोट दाखवलं.
फोन फ्रिजमध्ये का? सारखा तापायचा म्हणून.
मग मालकांना म्हणाले, पाणी द्या त्याला.

१९ मार्च, गुरुवार
मावशी कालपासून येतात. त्यांचं आणि बाबांचं जमलंय. दोघं मिळून माझ्यावर हसतात. ताईला सगळं कळलंय. बायकोने सांगितलं.
ॲप काढून टाकलं. कल्पना चांगलीच होती, एआयला भीती म्हणजे काय ते कळत नाही. पुढेमागे सुधारून करता येईल.
बाबांनी एक अट घातलीय. दुपारी तीनला ते दुकानात फोन करणार, मी ठीक आहे का ते विचारायला. आज तीन वाजून गेले तरी फोन नाही. भिंग हातातून दोनदा निसटलं. उठून चप्पल घातली.
तेवढ्यात वाजला. मालकांनी उचलला. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "हो, आहे. जागेवरच आहे. काळजी नसावी."