पाचवा रकाना

२ सप्टेंबर, मंगळवार

झालं ते असं :

१. सकाळी दहा चाळीसला छापखान्यातून पुस्तिका आल्या. पाचशे. 'यंदा भेट काय द्याल?' — गाणी आणि सिनेमे मिळून साठ शिफारशी.
२. शिफारशी लिहायचं काम या वर्षी माझ्याकडे होतं.
३. माझ्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात चौथा रकाना माझा, खाजगी शेऱ्यांचा. पाचवा गिऱ्हाइकांसाठी.
४. शेवटच्या दिवशी मी तिसऱ्या जागी एक नवा रकाना घातला — कालावधी, मिनिटांत. कुणी मागितला नव्हता.
५. त्यामुळे चौथा पाचवा झाला आणि पाचवा सहावा.
६. मजकूर जुळवणाऱ्या प्रोग्रामला हे सांगायचं राहिलं. प्रोग्रामही माझाच. त्याने इमानेइतबारे पाचवा उचलला.
७. मी पुस्तिका उघडली ती बारा पाचला. तोवर ३१२ वाटून झाल्या होत्या.
८. उरल्या १८८.

चूक माझी. वादच नाही.

आणि त्यात क्रमांक ३७ आहे. सदतीस!!

३ सप्टेंबर, बुधवार

आज नीट लिहिते.

माझं खरं काम दुकानाच्या मागच्या खोलीत. प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. जुन्या रेकॉर्डी धुवायच्या, ऐकायच्या, दर्जा ठरवायचा. माणसांशी बोलावं लागत नाही. शिफारशी आधी कवी लिहायचे — कवी म्हणजे आमचे जुने सेल्समन, कविता एकही नाही. त्यांनी बावीस वर्षं प्रत्येक वस्तूला 'काळजाला हात घालणारी' म्हटलं. एकदा स्पीकरच्या वायरीलासुद्धा. ते निवृत्त झाले तेव्हा मालक मला म्हणाले, "आता तू लिही. तुझं सगळं कसं मोजूनमापून असतं."

मोजूनमापून! सहाव्या रकान्यात साठ सभ्य शिफारशी बसून आहेत. 'आवाज स्वच्छ. ध्वनिमुद्रण समतोल. प्रौढ श्रोत्यांस योग्य.' त्यांचं तोंड कुणी पाहिलं नाही. छापलं गेलं ते हे :

क्र. ५ — मालकांची लाडकी रेकॉर्ड, म्हणून दिवसभर दुकानात वाजते. आवाज बंद केल्यास सुखद.
क्र. ८ — बासरीच्या चार सीडींची पेटी. देणाऱ्याने ती कधीच ऐकलेली नसते. ऐकली असती तर दिली नसती.
क्र. १२ — आत्याला देऊ नये. आधीच्या तीन अजून वेष्टनात आहेत. मोजल्या.
क्र. २२ — ज्यांनी पुन्हा घरी येऊ नये असं वाटतं त्यांना द्यावी.
क्र. ४४ — रडायचा सिनेमा. एकोणिसाव्या मिनिटाला रडले. कुणाला सांगू नये.

मालकांनी काउंटरला टेकून मधूनच वाचायला घेतली. २२ ला एवढे हसले की चष्मा काढावा लागला. मग ८. मग पान उलटून मागे गेले. पाचवर आले.

भिंतीवरच्या स्पीकरमधून क्र. ५ चालू होती.

"बंद करू?" मी विचारलं.

"राहू दे," म्हणाले. जरा वेळाने स्वतः जाऊन आवाज कमी केला.

प्रूफ तपासलं कोणी, हा प्रश्न मी विचारला. प्रूफ आलं त्या तीन दिवसांत मी तापाने घरी होते. "मी नाही बुवा. माझा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता. बघितलं कुणीतरी." हे उत्तर नव्हे. पण मालक आहेत.

आता ३७. अक्षर न् अक्षर उतरवते, म्हणजे किती वाईट आहे ते नीट दिसेल :

'दोनदा एकटीने पाहिला. तिसऱ्यांदा भोंग्याबरोबर बघायचा. बोलला तरी हरकत नाही.'

भोंगा म्हणजे आमच्या सिनेमाच्या डीव्हीडींच्या काउंटरवरचा. सगळे तोंडावर म्हणतात, तोही ओ देतो. त्याला गप्प राहता येत नाही. गिऱ्हाईक नुसतं डबा उलटून पाहत असतं, तोवर हा शेवट सांगून मोकळा. परवा एका बाईंना म्हणाला, "घ्या हो, छान आहे, तो वाचत नाही." त्याचा चहासुद्धा बोलण्यात गार होतो.

बाहेरच्या माणसाला 'भोंगा' वाचून काही कळणार नाही. दुकानातल्या चौघांना कळेल. चौघांत तो आहे.

उपाय : उरलेल्या १८८ प्रतींवर पांढरी चिकटपट्टी. फक्त ३७ वर लावली तर संशय येईल, म्हणून ४, १९ आणि ५१ वरही लावली. ७५२ पट्ट्या. एकही तिरकी नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

निष्कर्ष : चिकटपट्टी हे आमंत्रण आहे.

सकाळपासून अकरा जणांना नखाने खरवडताना पाहिलं. एका आजोबांनी खिशातून पेनाचं टोपण काढून खरवडलं. त्यांच्या पत्नी मार्गदर्शन करत होत्या — "अहो, कोपऱ्यातून धरा! फाडाल सगळं!" चार नंबर निघाला. खाली होतं : 'ठीक.' दोघंही फार निराश झाली.

दुपारी एक बाई आल्या. हळू आवाजात : "ते बावीस आहे का हो? दोन द्या."

मी म्हटलं, दोन एकाच घरी?

"नाही हो. दीर वेगळे राहतात."

मग एक निवृत्त मुख्याध्यापक. पुस्तिका गुंडाळून हातात, छडीसारखी. "हे आठ नंबरचं कोणी लिहिलं?" मी मागच्या खोलीकडे एक पाऊल टाकलं होतं, पण पकडली गेले. म्हणाले, "निवृत्तीला मला ही पेटी पाच जणांनी दिली. पाच! म्हणजे वीस सीडी. मला वाटत होतं, माझ्या कानातच काही बिघाड आहे. सहा महिने मी औषध घालतोय." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आवाज स्वच्छ आहे," मी म्हटलं.

भोंगा त्याच्या काउंटरवर. नेहमीसारखाच. निदान वाटला तरी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बावीस संपली. मालकांनी आणखी मागवली.

६ सप्टेंबर, शनिवार

आत्या आली.

दुकानात नाही, घरी. आल्या आल्या पुस्तिका टेबलावर आपटली. मंगळवारी बाजारातून जाताना तिने सहज उचललेली — म्हणजे पट्टी नसलेल्या ३१२ पैकी.

"काय गं? मोजल्यास? माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन, माझ्या कपाटात डोकं घालून मोजल्यास?"

"दार उघडं होतं, आत्या."

"उघडं होतं म्हणे! मग वेष्टन का नाही काढलं तेही विचारायचंस ना!"

विचारलं.

"काढलं की जुनं होतं," आत्या म्हणाली. "आणि जुनं झालं की दुसऱ्याला देता येत नाही."

एक गोष्ट लक्षात आली. माझ्या पहिल्या पगाराच्या वेळी आत्याने मला रेकॉर्ड दिली होती. करकरीत. वेष्टनासकट. ती मीच तिला त्याआधीच्या वर्षी दिलेली होती!

"आत्या —"

"चहा टाक," आत्या म्हणाली.

७ सप्टेंबर, रविवार

पुस्तिका आत्या इथेच विसरून गेली. विसरून! आत्या छत्री विसरत नाही, ऊन असलं तरी.

जेवताना आईने ती ताटाशेजारी उघडून ठेवली. एकेक नंबर मोठ्याने. चव्वेचाळीसला थांबली : "रडलीस? तू?" बाबा म्हणाले, "एकोणिसाव्या मिनिटाला. लिहिलंय की." जणू हवामानाचा अंदाज.

मग पान मागे उलटलं.

"भोंग्याबरोबर बघायचा, म्हणजे काय गं?"

"तांत्रिक संज्ञा आहे."

"हो का." आईने वरण वाढलं. "लग्न झालंय का या संज्ञेचं?"

बाबांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले आणि त्याला नको तेवढा वेळ लावला.

आई पुढे म्हणाली, "मी काही विचारत नाही हो. नुसतं म्हणते. बोलका माणूस बरा असतो घरात. तुझे बाबा बघ, तीस वर्षं झाली, ठसका लागतो तेव्हाच आवाज येतो."

८ सप्टेंबर, सोमवार

स्वतःला प्रश्न : नेमकी भीती कशाची आहे?

(अ) त्याने वाचलं असेल.
(ब) वाचून हसला असेल.
(क) वाचलंच नसेल.

यादी करायला बसले तेव्हा (क) भीतीत येईल असं वाटलं नव्हतं. लिहिल्यावर दिसलं. खोडत नाही. पेनाने लिहिलंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज सरळ चाचणी घेतली.

अकरा वाजता त्याच्या काउंटरशी गेले. निमित्त : त्याच्या तिथल्या छोट्या पडद्याचा आवाज फाटतोय. (फाटत नव्हता. सकाळी मीच जरा वाढवून ठेवला होता.)

"या या, इंजिनीअर," म्हणाला. "बघा ना, कालपासून घसा बसल्यासारखा वाटतोय याचा. माझी संगत."

मी स्क्रू काढला. लावला. "पुस्तिका पाहिलीत का?"

"कुठली?"

दुकानात सात दिवस दुसरा विषय नाही, आणि कुठली!

"हां, ती. पाहिली की." एक डबा सरळ केला. "कागद चांगला आहे."

"कागद."

"हो. जाड आहे."

"एकशे तीस ग्रॅमचा," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी."

मग तो त्या पडद्यावर चाललेल्या सिनेमात आता काय होणार हे सांगायला लागला. घाईघाईने. चुकीचं सांगितलं. तो सिनेमा त्याला तोंडपाठ आहे.

निष्कर्ष : वाचलेलं नाही. वाचलं असतं तर हा बोलल्याशिवाय राहिला नसता. माणूस माझ्या नव्या चपलांवर दहा मिनिटं बोललाय. म्हणजे सुटले.

सुटले! मग चिडचिड कसली होतेय? घरी येऊन इस्त्री केलेलेच कपडे पुन्हा इस्त्री केले.

१० सप्टेंबर, बुधवार

मालकांनी बोलावून घेतलं. समोर खुर्ची. खुर्ची म्हणजे एकतर पगारवाढ नाहीतर निरोप.

दोन्ही नाही. "दुसरी आवृत्ती काढू या," म्हणाले. "नव्या साठ. अश्शाच लिही. लोक रांग लावून विचारतायत. काल एक जण आला, म्हणाला, माझ्या मेहुण्यासाठी काहीतरी असं द्या की त्याला कळायला दोन वर्षं लागली पाहिजेत."

मी सांगितलं, मुद्दाम तसं लिहिता येत नाही. ते कुणी वाचणार नाही म्हणून लिहिलेलं होतं.

"मग कुणी वाचणार नाही असं समजून लिही."

दुपारभर समजून पाहिलं. तीन लिहिल्या. तिसऱ्यात 'काळजाला हात' आलं! पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी मालक म्हणाले, "सुचेल गं. उद्या आधी पानांची मांडणी तरी कर. पहिल्या आवृत्तीचं प्रूफ माझ्या खालच्या खणात असेल, त्यावरून घे."

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रूफ मिळालं. कडेने लाल शाई. पहिल्या पानावर : 'नवी पद्धत फार आवडली. एक शब्दही बदलू नये.' प्रत्येक नंबरापुढे वाचल्याची टिक. आठपुढे 'हा हा'. बावीसपुढे 'हा हा हा'. सदतीसपुढे काही नाही, नुसती टिक. इतर टिकांपेक्षा लहान नाही, मोठी नाही. मोजपट्टी लावून पाहिली.

शेवटच्या पानावर सही. भोंग्याची. तारीख १९ ऑगस्ट.

तेवीस दिवस. तो माणूस तेवीस दिवस गप्प राहिलाय!

खालची चिठ्ठी त्याच्या काउंटरवर ठेवून आले. ही नक्कल.

'प्रूफ पाहिलं. सदतीस बघायला येत्या रविवारी दुपारी मी मोकळी आहे. तू आहेस का? शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत कळव.'