एकच क्रेन

गुरुवार, संध्याकाळ

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, कोरियातला एक कामगार आपल्या फाउंड्रीतल्या तिघांएवढं काम करतो. मी बोलूनच गेले, "आपली माणसं क्रेनची वाट बघत उभी असतात. एकच आहे."

साहेब म्हणाले, "उद्या मी स्वतः काम मोजतो. जास्तीची माणसं कमी करू."

कशाला बोलले मी? घरी येऊन आमच्या मुकादमांना, सलीमभाईंना, फोन केला.

"मग उद्या साचे हातानंच उचलू काय मॅडम? पटापट हुतंय."

आकडा चांगला येईल. दुसरी क्रेन मात्र कधीच येणार नाही. आणि कुणाची कंबर मोडली तर?

"नको. रोजच्यासारखंच करा."

"करतो. पण तुमचं चुकलं, तर घरात आमी बसणार की."