डॉक्टरांच्या बिल्ल्याची हकीकत

ती. आत्या,

लांबूनच पाया पडतो. (या खात्यात सगळं लांबूनच करायची सवय लागलीय.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला बसला, की नुसता आवाजच बसला?

तू माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीचे वडील विचारतात, पोराच्या कामात धोका किती. त्यांना खुशाल सांग, काही धोका नाही. इथं पेशंटला किरणांचं औषध टोचतात, मग त्याच्याच अंगातून किरण निघतात आणि त्यावरून यंत्र हाडांचा फोटो काढतं. सुई टोचली रे टोचली की सगळे पांगतात. डॉक्टर शिशाच्या काचेमागे, टेक्निशियन बाई दाराबाहेर. लांब उभं राहायचं आणि लवकर आटपायचं, असा इथला कायदा. पेशंटची चाकाची खुर्ची ढकलायला उरतो मी. (खुर्चीचे दांडे वीतभर, आणि लवकर आटपावं तर लिफ्ट येत नाही.)

किरण किती लागले ते मोजायला छातीवर बिल्ला लावतात. तो फक्त कायम नोकरीवाल्यांना. मी कंत्राटी, मला किरण लागत नसावेत. मागायला गेलो तर साहेब म्हणाला, "तुला कशाला रे? तू नुसता ढकलतोस."

तर मोठे डॉक्टर परगावी गेले, किरणांपासून बचाव कसा करावा यावर भाषण ठोकायला. जाताना कोट टांगला किरणांच्या औषधाच्या खोलीत, त्या औषधाच्या डब्याशेजारच्या खुंटीवर, बिल्ल्यासकट! पुढं बिल्ला तपासून आला आणि एकच हाहाकार. आकडा असा, की माणूस अंधारातही दिसावा. त्यांचं रक्त काढलं, परत काढलं. टेक्निशियन बाई रडल्या, पण दाराबाहेरूनच. डॉक्टरांना सक्तीची विश्रांती मिळाली. कोट कुठं होता ते त्यांना आठवलं, पण तोवर रजा मंजूर. ती कोण परत करतो? भोगलं कोटानं, हवापालट केली डॉक्टरांनी.

तेव्हा काळजी नको. मी मजेत आहे.

तुझा लाडका (असं तूच म्हणायचीस)
भाचा

ता. क. डॉक्टर परतले. "मी विसरतो रे, तूच लाव," म्हणून त्यांनी बिल्ला माझ्या शर्टाला अडकवलाय. किरण मला लागतात, जमा त्यांच्या नावावर होतात. आकडा वाढला की रजेवर पुन्हा तेच. मी म्हणजे आता त्यांचा चालता-बोलता कोट.

आणखी एक. मुलीच्या वडिलांना 'धोका नाही' एवढंच वाचून दाखव. मुलीला मात्र सगळं वाच. ती हसली तर सवडीनं कळव. काळजीत पडली तर लगेच कळव. हे काम सोड असं मला कुणीतरी म्हणायला हवंय.