झोपलेलं पिंप

ला फेल्गेरोसा,
रविवार, १४ फेब्रुवारी १९७१

प्रिय सेल्सो,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तू, जोझियान आणि दोन्ही मुली खुशाल असाल अशी आशा करते. आम्ही इकडे देवाच्या दयेने ठीक आहोत. तुझं नाताळचं कार्ड जानेवारीत, तीन राजांच्या सणाला पोचलं. खाली नुसती सही होती, पण पोचलं.

बेल्जियमच्या खाणीत तुझी पाळी बदलली का? इकडे बर्फ डोंगरावरच थांबलं, खाली आमच्या वाट्याला नुसता चिखल. तांबडी व्याली, कालवड झाली. शेजारची लेओन्तिना अजून आहे आणि तिची जीभही तशीच आहे. परवा कुंपणावरून ओरडून म्हणाली, "तुझ्या भावाचं तिकडे बिअर पिऊन पोट सुटलं असेल गं!" मी म्हटलं, "पोट सुटायला घरचं जेवण लागतं, लेओन्तिना." मग ती कोंबड्यांवर ओरडायला लागली.

गेलं वर्ष सफरचंदांचं होतं. फांद्यांना टेकू द्यावे लागले. रस आंबवायला घातला, सिद्रेची तीन पिंपं भरली. फेर्मीन एकटाच घाण्याचा दांडा फिरवत होता आणि बाबा खुर्चीत बसून त्याला शिव्या घालत होते. "अरे, रस काढतोयस की चोथ्याला गुदगुल्या करतोयस?" माझा नवरा बिचारा नऊ वर्षं हे ऐकतो आहे. मुकाट्याने फिरवतो.

बाबा बरे आहेत असं मी गेल्या दोन पत्रांत लिहिलं होतं. ते बरे नाहीत. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, झाडांना फुलोरा येईपर्यंत दिवस काढले तर पुष्कळ. दूध आणि मक्याची पेज, एवढंच पोटात राहतं. त्यांना तू हवा आहेस, सेल्सो. रोज सकाळी विचारतात, "त्याला लिहिलंस का?" मी म्हणते, लिहिलं. लिहिलेलं नसतं. नुसतं "ये" एवढं मी चारदा लिहिलं आणि चारदा कागद चुलीत टाकला. तेवढंच लिहून तुला बोलवायला मला तोंड नाही.

का नाही, ते तुला माहीत आहे. तरी आज लिहिते, कारण माझ्या हाताने मी ते कधीच लिहिलेलं नाही.

बासष्ट सालच्या मार्चमध्ये बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला ओव्हिएदोला गेले. जाताना तुला बजावून गेले, "एप्रिलचा चंद्र उतरायला लागेपर्यंत पिंपाला हात लावायचा नाही." माझं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. फेर्मीनची आई मला बाजारात चारचौघींत म्हणाली होती, "तुमच्याकडची तयार नसेल तर सिद्रा आम्ही आणू हो, आमचा घाणा मोठा आहे." ते माझ्या जिव्हारी लागलं. एप्रिलमध्ये भरलेली बाटली जूनपर्यंत कच्चीच राहिली असती. मला आपल्या घरची सिद्रा हवी होती, चांगली मुरलेली, त्या बाईच्या नाकावर टिच्चून.

मी हॉस्पिटलात बाबांना विचारलं, आत्ताच बाटल्या भरू का? ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. आणि घरी येऊन मी तुला सांगितलं, "बाबा म्हणाले, भरून टाका."

तू पिंपाला कान लावलास. बराच वेळ लावून उभा राहिलास. म्हणालास, "ओबदुलिया, हे झोपलंय. संपलेलं नाही. ऊब आली की पुन्हा उठेल."

"तुला बाबांपेक्षा जास्त कळतं का?" मी म्हटलं.

मलाही कळत होतं. आपण त्या तळघरातच वाढलो. थंडीत पिंप गप्प होतं, पण आतलं काम राहिलेलंच असतं. वसंतात सिद्रा दुसऱ्यांदा आंबते, तिचा कडक आंबटपणा उतरतो, आतला वारा निघून जातो, आणि मगच तिला बाटलीत कोंडायची. मला वाटलं, एवढी थंडी आहे, एवढं गप्प आहे, एक वर्ष चालून जाईल. तू चंद्र चढता असताना, मनाविरुद्ध, चारशे बाटल्या भरल्यास. माझ्यावर विश्वास ठेवून.

जूनच्या पहिल्या उकाड्यात त्या फुटायला लागल्या. टाके चिघळून ओव्हिएदोतच अडकलेले बाबा नुकतेच परतले होते; ते तळघरात उतरले, एक बाटली उचलली, आणि ती त्यांच्या हातात फुटली, काच डोळ्यात गेली.

डॉक्टरांनी डोळा काढला. चार दिवसांनी बाबा पट्टी बांधून अंगणात बसले होते. फेर्मीन होता, त्याची आईही होती. बाबांनी तुला विचारलं, "कुणाला विचारून भरल्यास?" तू माझ्याकडे बघितलंस. "ओबदुलियाला तुम्हीच सांगितलंत ना?" आणि मी म्हटलं, "मी असं काही बोलले नाही."

एवढंच बोलले. तू वाद घातला नाहीस. रविवारी बसने गेलास. लग्नात सिद्रा फेर्मीनच्याच घरची आली.

तुला काही गोष्टी माहीत नाहीत, त्या सांगते. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही. पुढच्या वसंतात पिंप उघडायच्या जेवणाला बाबा नेहमीसारखे सिद्रा उंचावरून ओतायला उभे राहिले, बाटली डोक्यावर धरली, ग्लास खाली मांडीपाशी, आणि धार सरळ बुटांवर. पुन्हा ओतली, पुन्हा बुटांवर. या खोऱ्यात त्यांच्यासारखी धार कुणाची नव्हती. कुणीतरी हसलं. बाबांनी बाटली फेर्मीनच्या हातात दिली आणि त्यानंतर चारचौघांत कधीच ओतली नाही. मी तेव्हा भाकऱ्या वाढत होते, सेल्सो. वाढत राहिले.

काल चंद्र उतरायला लागून तिसरा दिवस होता. आभाळ स्वच्छ, उत्तरेचा वारा. गाळ खाली सोडून सिद्रा दुसऱ्या पिंपात घ्यायला याहून चांगला दिवस नाही. बाबा हट्टाला पेटले, मला खाली न्या. फेर्मीनने त्यांना उचलून नेलं. वजन राहिलेलंच नाही. त्यांनी पिंपाला कान लावला आणि हसून म्हणाले, "झोपलाय लेकाचा." तुझाच शब्द. फेर्मीन नळी धुवायला वर गेला तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हॉस्पिटलातलं, तुला सांगितलेलं, अंगणातलं.

ते म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"अंगणातच. दोनदा मी तुला नाही म्हटलं होतं. डोळा गेला होता, पोरी, डोकं नव्हतं गेलं. आणि सेल्सो गाय धुवायची असली तरी मला विचारायचा."

मी विचारलं, मग त्याला का जाऊ दिलंत? ते पिंपाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. म्हणाले, "पोरगा कुठेही पोट भरेल. तुझ्या सासूसमोर तुझं खोटं उघडं पाडलं असतं तर लग्न मोडलं असतं. मग तुला कोण घेणार होतं? आणि मला अर्ध्या आंधळ्याला कोण बघणार होतं? फेर्मीन घरजावई यायला तयार होता. मी हिशोब केला."

सेल्सो, मला राग यायला हवा होता. आधी बरं वाटलं. एकटी मीच नव्हते म्हणून बरं वाटलं. मग त्याचीच शिसारी आली. नऊ वर्षं आम्ही दोघं एका टेबलावर जेवलो, एकमेकांना मीठ दिलं, दोघांनाही माहीत होतं, आणि तू कोळशात होतास.

त्यांनी मला एक वचन मागितलं. "त्याला लिही. सगळं तुझ्यावर घे, ते तुझंच आहे. पण मला ठाऊक होतं हे लिहू नकोस. त्याला वाटू दे की म्हातारा फसला. त्याच्यासमोर मला मान वर करून मरू दे."

मी हो म्हटलं. आणि बघ, सगळं लिहून बसले आहे. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडणं पाप असेल. पण तू इथे यावंस, त्यांचा हात धरून त्यांचीच माफी मागावीस, आणि त्यांनी ती द्यावी, हे मला बघवणार नाही.

तर आता तू ठरव. आलास तर जाणून ये. त्यांच्याशी काय बोलायचं, बोलायचं की नाही, ते तुझं. फेर्मीनला मी आज जेवताना सांगितलं. तो उठून गोठ्यात गेला, अजून आलेला नाही.

आणि नाही आलास तर मी बाबांना सांगेन की पत्र वाटेत हरवलं. दुसरं लिहिलं, तेही हरवलं. ते ओळखतील, तरी मी शेवटपर्यंत तेच सांगेन. तू येणार नाहीस हे त्यांना माझ्या तोंडून कळणार नाही. तुझ्याविरुद्ध खोटं बोलले होते, तुझ्यासाठी एकदा बोलेन.

तुला उत्तर मागत नाही.

जिने तुला घराबाहेर काढलं ती,
तुझी बहीण,
ओबदुलिया