एक किक मारली तर काय होतं

१० नोव्हें.
रेमूच्या गुडग्याचं ऑपरेशन झालं तसा पोरगा पलंगावर. फुटबॉल क्लबची प्रॅक्टिस बंद, कुबडी चालू. पगार येतोय अजून. नाक्यावर बॅनर पन तसाच, 'क्लबचा सगळ्यात महागडा खेळाडू, आपल्या पाचूबंदरचा'. मार्केटात बायका विचारतात, "महागडा उठला काय गं?" एकेकीच्या तोंडात बोंबील कोंबावा.

१६ नोव्हें.
विल्सन आलेला, गावच्या टीमचा कॅप्टन. चर्चच्या सनाला, फेस्ताच्या मॅचला पयली किक मानाचा मानूस मारतो, औंदा रेमूनेच मारायची. रेमू नाय म्हनाला. काँट्रॅक्टात हाय, क्लबच्या डॉ.ना विचारल्याबिगर बॉलला पाय लावायचा नाय. विल्सन हसला, "मोठा झालास रे तू." ते मला लागलं. बोलले, एक किक मारली तर काय होतं? चांगल्या पायानं मार. गावाला नाय म्हनतोस?

२३ नोव्हें. फेस्त
चर्चात मिस्सा झाली, बँड वाजला. रेमूने कुबडी विल्सनकडे दिली, डाव्या, चांगल्या पायानं किक मारली. पन मारताना सगळा भार उजव्यावर. माझ्या डोक्यात आलंच नाय. त्याच्या आलं असनार. पडला तरी लोक टाळ्याच वाजवत होते.

२४ नोव्हें.
गुडगा परत सुजला, मडक्यासारखा. विल्सनने व्हिडिओ टाकलाय, 'आपला हिरो'. क्लबने बघितला. त्यांचा मॅनेजर येतो म्हनाला. विल्सनला शिव्या घातल्या तर बोलतो, "मावशी, तूच बोललीस ना, मार म्हनून." थोबाड फोडावंसं वाटलं. खरं बोलला म्हनून जास्त.

२६ नोव्हें.
मॅनेजर आला. बूट काढले नाय, चहा नको. रेमूने लिवून द्यायचं की स्वखुशीने क्लब सोडतो. म्हंजे पगार बंद, पुढचा इलाज आपला आपन. नाय दिलं तर नियम मोडला म्हनून काढनार, मग दुसरा क्लब दारात उभा करनार नाय.
मी विचारलं, "खुशी कोनाची यात?"
"मॅडम, एवढा महाग घेतला आम्ही. आमचं पन नुकसान हाय."
"पापलेट हाय काय तो? महाग घेतलं, खराब निघालं, आनून टाकलं? मी पन विकते. विकलेली मासळी परत घेत नाय."
रेमू बोलला, "आय, गप."
मॅनेजर उद्या संध्याकाळी परत येनार, तोवर ठरवायचंय.

२७ नोव्हें.
विल्सनने बॅनर उतरवला. घडी करून माझ्या दारात ठेवला. बोंबील झाकायला होईल म्हनतो.
रेमू दुपारपासून कागद घेऊन बसलाय. चिडला असता, मला चार बोलला असता तर बरं. नुसतं विचारलं, "आय, तू सांग. सही करू?"
जन्मभर मीच सांगत आले. हे खा, तिकडं जा, किक मार. आज तोंड उघडलं नि एवढंच आलं, "मला विचारू नको."
वाळत घातलेले बोंबील उलटायचे म्हनून बाहेर आले. तिथूनच ओरडले, गुडग्याला बर्फ लाव.
ओट्यावर बसून लिवते. नाक्यावर मॅनेजरची गाडी वाजली. आतून कुबडीचा आवाज येतोय.